मोठ्या बाई छातीवर बसतात

सोमवार, ६ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार वगैरे काही लिहीत नाही. रागात केलेला नमस्कार खोटा असतो असं तूच म्हणायचीस.

तुझी मांजर घेऊन जा.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण मग तू म्हणशील, बघा, हिला धड चार ओळी लिहिता येत नाहीत, उगाच नाही शाळा सुटली. म्हणून सगळं लिहिते. फोनवर माझं तोंड उघडत नाही हे तुला माहीत आहे, आणि तू तरी कुठे माझ्याशी बोलतेस. दर रविवारी आई बाल्कनीत जाऊन तुला फोन करते. बाबा आत पेपर वाचतात, म्हणजे नुसता धरतात, पान काही उलटत नाही. फोन ठेवला की मी आईला विचारते, काय म्हणाली. आई म्हणते, विचारत होती मोठ्या बाई बऱ्या आहेत ना. बास. मांजर बरी आहे ना. बहीण मेली का जिवंत आहे याची चौकशी नाही.

आणि ते नाव. पिल्लू असताना ती पहिल्याच दिवशी खुर्चीवर चढली आणि आपल्याकडे अशी बघायला लागली की जणू आपण कोणीच गृहपाठ केलेला नाही. तू म्हणालीस, या तर मोठ्या बाई. तेव्हापासून घरात सगळे तिला मान देऊन बोलतात. मोठ्या बाई आल्या, मोठ्या बाई जेवल्या. तुला गंमत वाटली. शाळेतल्या खऱ्या मोठ्या बाईंच्या केबिनबाहेर मी किती वेळा उभी राहिले होते, हे तुझ्या डोक्यात आलं नाही.

उन्हाळ्यात तू नर्सिंगच्या कोर्सला गेलीस, त्याच्या आदल्या रात्री मला म्हणालीस, तुला उठवून उठवून मी थकले, आता मोठ्या बाई उठवतील. बाबांना म्हणालीस, तुम्ही हिला बिघडवलीत, शाळा सोडते म्हणाली आणि तुम्ही हो म्हणालात. मग परत माझ्याकडे वळून, शाळेत परत जाशील तेव्हा माझ्याशी बोल. वर मला तुझा पलंग मिळाला. पलंगाबरोबर मांजर.

आता ऐक ती काय करते. बाहेर अजून काळोख असतो. आधी उशीशी येऊन नुसतं श्वास सोडते. तोंडाला कसला वास येतो ते लिहीत नाही. मग मिशा गालाला. मग पंजा, नखं आत ठेवून, बरोबर पापणीवर, डॉक्टर डोळा तपासतात तसा. तेवढ्याने झालं नाही तर केस चावते. तरी नाही उठलं तर फळीवर चढते. तिथे माझा कंगवा, पिनांची डबी, पाण्याचा पेला. कंगव्याला एक धक्का देते आणि माझ्याकडे बघते. अजून एक धक्का, परत बघते. कंगवा पडला की डबी. पेला शेवटी ठेवते, कारण पेल्याची किंमत तिला माहीत आहे. आधी धमकी, मग शिक्षा. अगदी बाईच.

हे सगळं खरं झोपलेल्याला. मी एकदा नुसते डोळे मिटून पडून राहिले, म्हटलं कंटाळून जाईल. तर कंगवा नाही, डबी नाही, काही नाही. छातीवर येऊन बसली, नाकाला नाक लावून, आणि वाट बघत राहिली. अख्खं वजन टाकून. आई म्हणते ना, झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. आईला सांग, मांजरीला येतं.

तू रोज त्या वेळी अभ्यासाला उठायचीस म्हणून तिला ही सवय. तुझ्या सवयीची शिक्षा मला का? मी गाद्यांच्या कारखान्यात कामाला लागलेय, आईने सांगितलं असेलच. गादीच्या खोळीला कडेने पायपिंगची गोल पट्टी लावायचं काम माझ्याकडे आहे. मोठं मशीन आहे, त्याच्या आवाजात कोणी कोणाशी बोलत नाही, बोललं तरी ऐकू येत नाही. ताई, जगात अशी जागा असते हे मला माहीतच नव्हतं. आणि तिथे मी पेंगते. आमच्यावर देखरेख करणाऱ्या मास्टरांनी दोनदा बघितलं. मशीनवर झोप लागली तर सुई बोटातून जाईल, म्हणाले, मग ती गादी पण जाईल आणि तू पण. त्यांनी मला काढलं तर तू म्हणशील, बघा, हिला काहीच टिकवता येत नाही. ते मी तुला म्हणू देणार नाही.

मांजर घेऊन जा.

तुझी नाही, नुसती बहीण

रविवार, १२ नोव्हेंबर

ताई,

पत्र मिळालं असणार. आज आईने फोन केला तेव्हा मी दाराआड होते. तू विचारलंस, मोठ्या बाई बऱ्या आहेत ना. आई म्हणाली हो. फोन संपला.

ठीक आहे. मग आता कारखान्यात काय झालं ते ऐक.

मी सगळे उपाय केले. रात्री मोठ्या बाईंना पोट फुटेपर्यंत जेवायला घातलं. पहाटे त्या हजर. दार लावून घेतलं, तर बाहेरून दार खरवडत बसल्या, आईची झोप मोडली आणि बोलणी मी खाल्ली. कानात बोळे घातले. ऐकू आलं नाही, पण केस चावायला ऐकू यावं लागत नाही. शेवटी मी हरले. आता त्या आल्या की मी उठते, बशीत थोडं दूध ओतते, आणि परत येऊन पडते. झोप मात्र गेलेली असते.

परवा दुपारी जेवण झाल्यावर मास्टर म्हणाले, मागच्या खोलीत नवी डबल गादी तयार आहे, तिच्या कडा तपासून ये. मी गेले. कडा तपासल्या. एक कोपरा जरा फुगल्यासारखा वाटला म्हणून टेकून बघितलं.

डोळे उघडले तर पायाशी मास्टर, आणि त्यांच्या शेजारी एक आजी आणि त्यांचा मुलगा, गादी बघायला आलेले. मी उठायला गेले तर आजींनी मला हातानेच थांबवलं, पडून राहा म्हणून. मुलगा मास्टरांना विचारत होता, फोम कुठला, किती वर्षं टिकेल, गॅरंटी काय. आजी त्याला म्हणाल्या, गप रे, ही पोरगी उठत नव्हती इतकी झोपली होती, मला हीच गादी द्या. आणि घेतली. घासाघीससुद्धा केली नाही.

सगळा कारखाना हसला. मशीनं बंद केली हसण्यासाठी. मी भिंतीकडे तोंड करून पायपिंगचा गुंता सोडवत बसले, नसलेला गुंता. मास्टर हसले नाहीत. संध्याकाळी जवळ येऊन हळू म्हणाले, आज गादी खपली म्हणून सोडतो. पुढच्या वेळी घरीच झोप.

म्हणजे पुन्हा पेंगले की काम गेलं. तुझ्या मांजरीपायी.

तू नर्स होणार ना? आई सांगत होती, वॉर्डात तुम्ही झोपलेल्या पेशंटना हलवून उठवता आणि झोपेची गोळी देता. तेव्हाच कळलं मांजर कोणावर गेलीय.

उत्तर पाठव. मांजर कुठे राहील, तुझ्या खोलीवर चालते का, तेवढं लिही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मांजरीबद्दल लिही.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

ताई,

आज तुझ्यापेक्षा जास्त राग मला या घरातल्या माणसांचा आलाय, म्हणून तुला लिहितेय. दुसरं सांगणार कोणाला.

मंगळवारी मोठ्या बाई फळीवरून पडल्या. पेल्याला धक्का द्यायला गेल्या आणि पेल्याआधी स्वतःच खाली. मांजर पडते का कधी? काही लागलं नाही, पण नंतर खिडकीवरही उडी मारता येईना. आई घाबरली. ताईला काय सांगू, म्हणाली. बाबा बस डेपोतून आले, काही न बोलता टोपली काढली, आणि आम्ही तिघं जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. तू गेल्यापासून आम्ही तिघं एकत्र कुठे गेलो असू तर तिथेच.

डॉक्टरांनी विचारलं, नाव काय. बाबा गंभीरपणे म्हणाले, मोठ्या बाई. डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं, मग मांजरीला काट्यावर ठेवलं, मग काट्याकडे बघितलं. म्हणाले, हिला काही झालेलं नाही, ही फक्त जेवलेली आहे. सकाळी हिला खायला कोण घालतं?

आईने माझ्याकडे बघितलं, मी टोपलीकडे.

आई म्हणाली, संध्याकाळी भात मी घालते, सकाळी कोणी काही देत नाही. बाबा भिंतीवरचा कुत्र्याचा फोटो बघायला लागले. मी काय बोलणार, अनोळखी माणसासमोर माझा आवाज निघत नाही, पण माझे कान तापले ते डॉक्टरांना दिसलं असणार. ते म्हणाले, ही मांजर सकाळी निदान तीन घरी जेवते. असंच चाललं तर हिचं हृदय थांबेल. पहाटेचं खाणं बंद करा, आणि तिन्ही घरांना सांगा.

तिन्ही घरं परत रस्त्याने एका ओळीत चालत होती, टोपली मध्ये. कोपऱ्यावर आई म्हणाली, मी फक्त साय देते हो, बशीच्या कडेला लावून, ती काय खाणं आहे का. मी म्हटलं, मी फक्त दूध देते. बाबा भराभर पुढे निघाले. पण घरी आल्यावर कचऱ्याच्या डब्यात बघितलं तर अंड्याची टरफलं. बाबांना डॉक्टरने अंडं बंद केलंय, तुला माहीत आहे. उकडतात आणि बाईंना घालतात.

कळलं का? काळोखात आधी बाबांकडे जायचं, अंडं. मग आईकडे, साय. मग माझ्याकडे, दूध. प्रत्येकाला वाटतं आपल्या एकट्यालाच उठवते, बिचारीला दुसरं कोणी देत नाही. आणि कोणी कोणाला सांगत नाही, कारण या घरात आता कोणी कोणाला काहीच सांगत नाही. तू गेलीस तेव्हापासून. घरात बोलणं एवढं एकाच बाजूला तुंबलं की मांजर फुगली.

आणि बाबा. ज्या माणसाने तू गेल्यावर सांगितलं होतं, त्या मांजरीचं नाव माझ्यासमोर काढू नका, तो माणूस तिला लपून अंडी घालतो. मला इतका संताप आला. मी ठरवलं, उद्या पहाटे यांना रंगेहाथ पकडायचं.

काल पकडलं. ते पुढच्या पत्रात. आत्ता कारखान्यात जायचंय.

शनिवार, २५ नोव्हेंबर

ताई,

दोन दिवस हे पत्र लिहू का नको करत होते. मग विचार केला, गेलं उडत. तुलाही राग येऊ दे. मला एकटीला का.

बुधवारी पहाटे मी पडद्यामागे उभी होते. मोठ्या बाई बाबांच्या खोलीत गेल्या. बाबा पहिली बस घेऊन जातात, इतकी वर्षं घड्याळ न लावता उठतात असं सगळ्यांना सांगतात. खोटं. घड्याळ नाही, मांजर आहे. पण त्या दिवशी त्या केस चावत नव्हत्या, काही पाडत नव्हत्या. छातीवर बसल्या होत्या, नाकाला नाक लावून. म्हणजे बाबा जागे होते.

बाबा डोळे न उघडता म्हणाले, "उठलो, मोठ्या बाई. तुमच्यापुढे सोंग चालत नाही."

त्या हलल्या नाहीत. मग बाबा म्हणाले, "त्या दिवशीही तुम्ही अशाच बसला होतात. मी उठायला हवं होतं. रजा टाकली होती हो. तिला स्टँडवर सोडायला."

ताई, आता तू आठव. तू बॅग घेऊन त्यांच्या दारात उभी होतीस. मी तुझ्या मागे होते. तू म्हणालीस, बघा, मुलगी घर सोडून चालली आणि हे घोरतायत. आणि गेलीस.

बाबा घोरत नाहीत. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. उभ्या आयुष्यात घोरलेले नाहीत. आणि मोठ्या बाई त्यांच्या छातीवर बसल्या होत्या, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, पण तेव्हा मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. तोपर्यंत मला तू उठवायचीस, त्या कधी माझ्याकडे आल्याच नव्हत्या.

मला काय चीड आली सांगू. आपल्याशी दहा शब्द बोलायचे नाहीत, आणि मांजरीसमोर सगळं ओकायचं. बहीण माझी गेली. पोरगी आईची गेली. आणि माफी मागतायत कोणाची, तर मांजरीची. मी पडदा बाजूला केला. बाबा दचकून उठून बसले, मांजर गडगडली.

मी बोलले, ताई. मोठ्याने. म्हटलं, "हे तिला का नाही सांगितलंत?"

बाबा म्हणाले, "तिने ऐकलं असतं का?"

म्हटलं, तुम्ही सांगितलंत का. त्यांनी चादरीची घडी घालायला घेतली. मग म्हणाले, "अंड्याचं आईला सांगू नकोस."

आता तुझा नंबर. तू पण तेच करतेस. तीन पत्रं टाकली, हे चौथं. पहिलं गालाला मिशा लावल्यासारखं होतं, दुसरं केस चावल्यासारखं. तिसऱ्यात मी कंगवा पाडला. हा पेला. तू झोपलेली नाहीस हे मला कळतं. झोपलेली असतीस तर एखादं पत्र परत आलं असतं.

आणि अजून एक. मला तू झोपलेली समजतेस ते बंद कर. शाळेत मला उभं करून वाचायला लावायचे, जीभ टाळ्याला चिकटायची, वर्ग हसायचा, आणि घरी येऊन तुला सांगितलं की तू म्हणायचीस, बोल की गं मग, बोलायला काय होतं. काय होतं ते तुला कधीच कळलं नाही, कारण तुला कधी झालं नाही. बाबांनी हो म्हटलं ते मला बिघडवायला नाही. त्यांना ते कळलं. त्यांचंही तसंच आहे ना, काळोखात मांजरीशीच बोलता येतं. मी परत शाळेत जाईन की नाही ते मी ठरवेन. तुझ्याशी बोलण्याची फी म्हणून जाणार नाही.

मंगळवार, ५ डिसेंबर

ताई,

काल पार्सल आलं. वर तुझं अक्षर. आईने कात्रीसुद्धा शोधली नाही, दाताने दोरा तोडला. आत मांजरीच्या पथ्याचं कोरडं खाणं, जड मांजरींसाठी असतं ते, मोठी पिशवी. आम्ही पिशवी उलटी केली, खोका उलटा केला. एक चिठ्ठी नाही. एक ओळ नाही.

मला आधी इतका राग आला की पिशवीला लाथ मारली. मांजर जड झाली हे आईने तुला सांगितलेलं नाही. मीच लिहिलं होतं, त्या तिसऱ्या पत्रात. म्हणजे वाचलंस. सगळं वाचलंस आणि उत्तर दिलंस मांजरीला.

मग बाबा पिशवीवरचं बारीक अक्षर वाचत बसले, चष्मा लावून, किती ग्रॅम, कधी. दोनदा वाचलं. म्हणाले, "तिनेच निवडलं असेल ना हे? दुकानदाराने दिलं नसेल." तेव्हा माझ्या लक्षात आलं. सोंग घेतलेल्या माणसाचं सगळं स्थिर असतं, पण पापणी हलते. मोठ्या बाई त्याचीच तर वाट बघत बसतात.

तुझी पापणी हलली, ताई. आता तू सुटत नाहीस.

इकडची खबर अशी की पहाटेचं खाणं बंद झाल्यावर मोठ्या बाईंनी घर डोक्यावर घेतलं. बाबांना उठवलं, नाही मिळालं. आईला उठवलं, नाही. मला, नाही. परत बाबा. शेवटी आम्ही तिघंही स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेलो, कोणाला झोप नाही, आणि मध्ये त्या, रिकाम्या बशीशेजारी, तिघांकडे आळीपाळीने बघत. आई म्हणाली, आता उठलोच आहोत तर चहा टाकते. तेव्हापासून रोज तसंच. बोलतो थोडं. बाबा बसमधल्या गोष्टी सांगतात, त्यांना इतक्या गोष्टी माहीत आहेत हे आईलाही माहीत नव्हतं. मी रात्री जेवल्या जेवल्या झोपते, त्यामुळे आता पेंगत नाही. मास्टरांनी कोपऱ्यांचं काम माझ्याकडे दिलंय, ते सगळ्यात अवघड असतं. कोणाला देत नाहीत ते. हे तुला मुद्दाम कळवते.

आता शेवटचं. येत्या रविवारी बाबांनी रजा टाकलीय. खरी टाकलीय, मी डेपोत त्यांच्या मागे उभी राहून बघितली. काल जेवताना ते म्हणाले, तिची मांजर आहे, तिची तिला पोचवायला हवी. आईने मान हलवली. मी पण. मग हात धुताना मला हळूच म्हणाले, "टोपली मोठी घेऊ. परत आणताना तिला दाटी नको व्हायला."

म्हणजे मांजर पोचवायला येतोय आणि मांजर परत आणणार आहोत. यावर तू काही विचारू नकोस. त्यांना सांगता येणार नाही आणि मलाही नाही.

रविवारी तुझी रात्रपाळी संपलेली असेल, आईने विचारून घेतलंय. तू म्हणशील मी झोपले होते, ऐकू आलं नाही. आम्ही दार वाजवणार नाही. बाबांना धीर होणार नाही आणि मला आवाज. आम्ही टोपली तुझ्या दारासमोर ठेवू, झाकण उघडू, आणि जिन्यावर बसू.

बाकीचं मोठ्या बाई बघतील. त्या किती वेळ थांबतात ते तुला माहीत आहे.

तुझी बहीण